तर्रीत बुडालेला एआय

नागपुरात सकाळी सुखानं तर्री-पोहे खाणं हल्ली अवघड झालं आहे. चमचा तोंडाशी नेला की शेजारून येतंच, "भाऊ, वकील गेले, सीए गेले, आता सारं एआयच करून राहिला!" त्यावर दुसरा, "काही नाही बे, सारी फेकाफेकी!" प्लेटा संपतात, वाद संपत नाही. संपणार कसा? एक बोलतो एका यंत्राबद्दल, दुसरा भलत्याच. दोघांचं आडनाव तेवढं एक.

कूलरवर 'एआय' लिहिलेलं दिसलं तर आधी आत डोकवावं. पंखा, पंप, ताट्या आणि फार तर तापमानाचा सेन्सर. पारा ३० च्या वर गेला की पंप सुरू. ही झाली एक अट. यात शिकणं कुठं आलं? जुलैच्या दमट हवेत ताट्यांतलं पाणी नीट उडतच नाही, तिथं हा विद्वान कूलरही घामच काढणार.

चॅटजीपीटीची जात वेगळी. ते मजकुराचे तुकडे, म्हणजे टोकन, बघून पुढे कोणता तुकडा येण्याजोगा आहे याचा अंदाज बांधतं. नागपूर करार २८ सप्टेंबर १९५३ चा, हे बहुधा बरोबर सांगेल. शेकडो ठिकाणी लिहिलेलं आहे. मोहल्ल्यातल्या वाचनालयाची स्थापना विचारा, तितक्याच ठसक्यात तारीख ठोकून देईल. म्हणून मूळ कागदच त्यात टाकावा, 'यातूनच सांग, कोणत्या परिच्छेदातून तेही सांग' म्हणावं, आणि तो परिच्छेद स्वतः वाचावा. नव्या चॅटमध्ये तेच विचारल्यावर तारीख बदलली तर ती ठोकून दिलेली, हे समजून जावं. नाही बदलली तरी लगेच कोनशिला कोरायला टाकू नये.

भाकितांचं तर विचारूच नका. वीस वर्षांत यंत्रं माणसाचं कुठलंही काम करतील, हे एआयच्या पहिल्या पिढीतले शास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन १९६५ मध्येच सांगून बसले. नवे रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे-सोनोग्राफी वाचणारे डॉक्टर, घडवणं आता थांबवा, असं एआयचे नामवंत संशोधक जेफ्री हिंटन २०१६ मध्ये म्हणाले. धंतोलीत सोनोग्राफीसाठी बसलेल्या मंडळींपर्यंत ही बातमी पोचलेली दिसत नाही.

पण फेकाफेकीवाल्यालाही मोकळं सोडता येत नाही. छातीच्या एक्स-रेत क्षयाचा संशय हेरायला, १५ वर्षांपासून पुढच्यांसाठी, माणसाऐवजी एआयचे प्रोग्रॅम वापरता येतील, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये केली. त्या प्रोग्रॅमला ना कविता येते, ना गप्पा. तो संशय तेवढा घेतो. थुंकी तपासायला प्रयोगशाळेतच पाठवावी लागते.