मामा, चिपमध्ये पैसे टाकू का?

2021 च्या दिवाळीआधी भोसरीच्या आमच्या कंपनीच्या स्टोअरमध्ये ट्रेवर ट्रे रचून ठेवले होते. प्रत्येकात गाडीच्या कंट्रोलरचे बोर्ड, सगळं सोल्डर झालेलं, मधोमध फक्त नखाएवढी एक जागा रिकामी. तिथला मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एक छोटी चिप, शंभर-सव्वाशे रुपयांचा. तो नाही म्हणून बोर्ड पडून, आणि बोर्ड नाहीत म्हणून चाकणहून दर तासाला फोन.

मी परचेसला होतो. एका दलालाकडे तीच चिप मिळाली, साडेचार हजारांना एक. सँपल आलं, आमच्या क्वालिटीच्या पोरानं कापसावर ॲसिटोन घेऊन वरून पुसलं, तर काळा रंग कापसावर आला आणि खालून दुसराच नंबर निघाला. कुठल्याशा भंगार बोर्डावरून काढून रंगवलेला माल. ती चिप अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

हे घरात सगळ्यांना ऐकवून झालंय, त्यामुळे सेमीकंडक्टर म्हटलं की सल्लागार मी. परवा भाच्याचा फोन आला, "मामा, अमुक एक शेअर घेऊ का? नावातच सेमीकंडक्टर आहे."

त्याला जे सांगितलं ते इथे लिहितोय, कारण हाच प्रश्न हल्ली वॉचमनपासून डॉक्टरांपर्यंत सगळे विचारतात.

पहिली गोष्ट, तू आधीच पैसे टाकलेले आहेस. 2021 च्या डिसेंबरमध्ये केंद्रानं या उद्योगासाठी 76,000 कोटींची योजना मंजूर केली. फॅब, म्हणजे चिप घडवायचा कारखाना, उभारायच्या खर्चातला निम्मा वाटा सरकारचा, वर राज्याच्या सवलती वेगळ्या. म्हणजे धोलेराला टाटांचा 91,000 कोटींचा फॅब उभा राहतोय, त्यात तुझा-माझा कर आहेच. आणि तिथे शेअर घ्यायचा म्हणशील, तर टाटा इलेक्ट्रॉनिक्स बाजारात लिस्टेडच नाही.

दुसरं, फॅब आणि पॅकेजिंग यात गल्लत करू नकोस. साणंदला अमेरिकेची मायक्रॉन किंवा आसामात जागीरोडला टाटा जे करतायत, ते तयार वेफर (चिपा घडवलेली सिलिकॉनची तबकडी) कापून, चिप आवरणात बसवून तपासण्याचं काम. तेही हवंच, पण ती वेगळी गणितं. सिलिकॉनच्या तबकडीवर चिप घडवायचा धंदा धोलेऱ्याचा, तैवानच्या पीएसएमसी या चिप कंपनीकडून तंत्रज्ञान घेऊन, महिन्याला 50,000 वेफरची क्षमता, 28 नॅनोमीटर आणि त्याहून जाड (आकडा जितका लहान, तितकं तंत्र आधुनिक). यावर लोक हसतात की जग कुठे आणि आपण कुठे. मला नाही हसू येत. आमच्या ट्रेमधली ती रिकामी जागा कुठल्याही अत्याधुनिक चिपची नव्हती, जुन्यापान्या तंत्राचीच होती.

माझी काळजी वेगळी आहे. फॅब म्हणजे साखर कारखान्यासारखं प्रकरण: ऊस नसला तरी कर्जाचे हप्ते चालूच. त्यात साखर कारखान्याला निदान बंद हंगाम तरी असतो, फॅबला तोही नाही. यंत्रांचा घसारा चार-पाच वर्षांत डोक्यावर बसतो. सुरुवातीला तबकडीवरच्या कितीतरी चिपा बाद जातात, ते यील्ड, म्हणजे चांगल्या निघणाऱ्या चिपांचं प्रमाण, वर यायला महिनोन् महिने लागतात. गिऱ्हाईकही लगेच येत नाही. गाडीतली एक चिप बदलायची तर पुन्हा सगळ्या चाचण्या, दीड-दोन वर्षं सहज जातात. आणि नेमक्या याच जाड तंत्रात चीननं भरमसाट क्षमता उभारून भाव पाडलेत.

भलेभले यात आपटलेत. जपानची चिप कंपनी एल्पिडा 2012 साली दिवाळखोरीत गेली, ती मायक्रॉननं घेतली. त्याच मायक्रॉनला 2023 च्या आर्थिक वर्षात 5.8 अब्ज डॉलरचा तोटा झाला. इंटेलचा शेअर 2000 साली 75 डॉलरच्या आसपास होता, 2024 च्या सप्टेंबरमध्ये 20 च्या खाली. यातली एकही कंपनी भुरटी नव्हती.

आपल्याकडे मात्र चर्चा एकच, प्रकल्प कुठल्या राज्यात गेला. वेदांता-फॉक्सकॉनचा चिप प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेला म्हणून 2022 मध्ये आपण किती भांडलो! मीही भांडलो, याच भिंतीवर. 2023 च्या जुलैत फॉक्सकॉन बाहेर पडली. ना तळेगाव, ना धोलेरा. मग 2024 च्या सप्टेंबरमध्ये अदानी आणि इस्रायलची टॉवर कंपनी यांच्या पनवेलच्या चिप प्रकल्पाला आपल्या राज्यानं मंजुरी दिली, 83,947 कोटींचा आकडा झळकला, पेढे वाटून झाले आणि पुढच्याच वर्षी बोलणी थांबल्याची बातमी आली. यील्ड किती, ऑर्डरी कुणाच्या, हे विचारताना मी अजून एकही नेता किंवा अँकर ऐकलेला नाही. पैसे आपले आहेत तर विचारायला नको?

भाच्याला म्हटलं, बाबा, त्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघड आणि यंत्रसामग्री किती रुपयांची आहे तेवढं बघ. दहा मिनिटांनी फोन आला.

"मामा, आपल्या सोसायटीच्या लिफ्टपेक्षा कमी आहे."

"मग?"

"पण रोज भाव कमाल मर्यादेला भिडतोय, सलग अप्पर सर्किट लागतंय रे."