पीआरपी इंजेक्शनानंतरच्या पाठदुखीबद्दल आपल्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. आपला अभिप्राय शब्दन् शब्द वाचला. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) तोंडावर आपण आमच्याकडे कमरेत पीआरपी, म्हणजे आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी) दाट करून दिलेलं इंजेक्शन, घेतलं, पहिले चार दिवस दुखणं उलट वाढलं, त्यात आम्ही नेहमीच्या गोळ्या बंद केल्या, तीन आठवडे झाले तरी माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायला उभं राहता आलं नाही आणि विमा कंपनीनंही हात वर केले. शेवटी आपण लिहिलंय, "आपलंच रक्त घुसळून आपल्यालाच टोचतात आणि वर पैसे घेतात." सणाच्या दिवसांत घरातल्या कर्त्या माणसाला आडवं पडून राहावं लागणं किती जीवावर येतं, ते मी जाणतो.

रुग्णाचे कागद चारचौघांत उघडता येत नाहीत. त्यामुळे आपण स्वतः जे लिहिलंय तेवढ्यावरच बोलतो. फोंडा, डिचोली, सत्तरीकडची माणसं हे वाचून निर्णय घेतात, त्यांच्यासाठीही हे लिहितोय.

आधी त्या चार दिवसांबद्दल. पीआरपी हे वेदनाशामक नव्हे. प्लेटलेट्समधून जी द्रव्यं बाहेर पडतात ती आधी त्या जागी दाह निर्माण करतात, दुरुस्ती त्यानंतर सुरू होते. म्हणून सुरुवातीला ठणका वाढतो. स्टिरॉइडचं इंजेक्शन दाह शमवतं, त्यामुळे त्याचा आराम लवकर जाणवतो. इथे क्रम उलटा आहे. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या बंद करतो त्या याचसाठी, कारण त्या प्लेटलेट्सचं कामच रोखतात. त्या दिवसांत पॅरासिटामॉल चालतं. फरक पडायचा असेल तर तो साधारण सहा आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत हळूहळू कळतो. एखादा सण किंवा लग्न गाठायचं म्हणून हे इंजेक्शन घेऊ नये, असं मी प्रत्येकाला सांगतो आणि संमतीपत्रातही ते मराठीत लिहिलेलं आहे.

आता "रक्त घुसळण्या"बद्दल. हो, रक्त आपलंच असतं, आणि मला तीच या उपचाराची जमेची बाजू वाटते. दंडातून काढलेलं रक्त यंत्रात फिरवलं की नळीत तळाला गर्द लाल पेशी बसतात, वर पिवळसर पाणी राहतं आणि दोन्हींच्या मधे पांढुरकी बारीक साय धरते. प्लेटलेट्स त्या सायीजवळ दाटलेल्या असतात. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स असतात. चांगल्या पीआरपीत त्या दहा लाखांच्या आसपास असाव्यात, असं मानतात. खरं कौशल्य त्यापुढे लागतं. मणक्यामधली चकती असो की मागचा लहान सांधा, सुई नेमकी तिथेच पोचायला हवी. त्यासाठी सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर पाहत सुई पुढे सरकवावी लागते. चकतीत इंजेक्शन देताना जंतुसंसर्गाचा धोका थोडा पण खरा असतो, म्हणून सगळं ऑपरेशन थिएटरमध्येच करतो. पैसे लागतात ते या साऱ्याचे.

विम्याचं म्हणाल तर बहुतेक कंपन्या हा उपचार अजून प्रायोगिक धरतात, आणि त्याला कारण आहे. अमेरिकेत ४७ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चकतीत पीआरपी घेतलेल्यांना आठ आठवड्यांनी इतरांपेक्षा बरं वाटलं. २०२२ मधल्या दुसऱ्या एका लहान चाचणीत मात्र पीआरपी घेतलेल्या आणि न घेतलेल्या गटांत ठळक फरक दिसला नाही. दोन्ही गोष्टी मी रुग्णांना सांगतो. "शंभर टक्के गुण" अशी पाटी कुठे दिसली तर तिथून मागे फिरा, असंच मी म्हणेन. कंबर धरली म्हणून येणाऱ्या कितीतरी जणांना मी व्यायाम आणि चालणं सांगून इंजेक्शनाशिवायच घरी पाठवतो. अचानक धरलेली कंबर बहुधा काही आठवड्यांत आपली आपण सुटते.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनीच लक्षात ठेवा. पाऊल उचलताना लुळं पडू लागलं, बसायची जागा बधिर झाली किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर आमच्या दारात वेळ घालवू नका. त्याच दिवशी बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, जा. तिथे ऑपरेशन लागलं तर ते टाळण्यात शहाणपण नाही, कारण दबलेली नस पीआरपीनं मोकळी होत नाही.

आपल्याला माझी विनंती आहे की सहा आठवडे झाले की एकदा या. तपासणीचे पैसे घेणार नाही. एमआरआयची फिल्म आणि सध्या घेत असलेल्या गोळ्यांची पाकिटं बरोबर आणा. मधे डायक्लोफिनॅक घेतलं असेल तर न संकोचता सांगा, त्यावर मी रागावणार नाही. तोवर दुखणं कमरेतच राहतं की पायात उतरतं, आणि उतरलं तर कुठपर्यंत, एवढं रोज टिपून ठेवा. पुढे काय करायचं, की इथेच थांबायचं, ते त्यावरून ठरवता येईल.