वन अपॉन एक्स आणि आमची भिंत

सीईटीच्या प्रश्नसंचात आलेख काढायचा नसतो, छापलेल्या चारांतला ओळखायचा असतो. मला हे मुळीच पटत नाही. म्हणून 'वन अपॉन एक्स', म्हणजे वाय = १/एक्स, आला तेव्हा कन्येला पर्याय झाकायला लावले आणि आलेख कागद भिंतीला चिकटवला.

सुरुवात झकास. एक्स १ तर वाय १, २ ला ०.५, १० ला ०.१. उजवीकडे वक्र गुमान खाली उतरत होता. मग मी शून्याकडे वळलो. प्रमाण १ सेमी = १ एकक. ०.१ ला वाय १० सेमी, ०.०५ ला २०. कागद संपला. ०.०१ ला थेट एक मीटर! वर आणखी कागद जोडले. ०.००१ साठी १० मीटर लागतात, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या ओट्यातून जायची परवानगी काढणं आलं.

"बाबा, रेघ टेकली अक्षाला."

"टेकत नाही. कधीच नाही."

"मग हे काय?"

पेन्सिलीची रेघ अर्धा मिलिमीटर जाड. २० सेमी उंचीवर वक्र अक्षापासून नेमका तेवढाच लांब. गणित टेकू देईना, पेन्सिल ऐकेना.

तेवढ्यात आईला तिसऱ्या चरणातला, म्हणजे डावीकडे खाली काढलेला, ऋण एक्सचा तुकडा दिसला. "अरे, एकाच समीकरणाचे दोन तुकडे? वाटण्या झाल्या की काय?"

झाल्याच म्हणायच्या. मधे शून्य, आणि शून्यानं भागता येत नाही. इकडून तिकडे जायला वाटच नाही. वायूंसाठीच्या बॉइलच्या नियमात दाब-आकारमानाचा आलेख असाच येतो, पण ऋण आकारमानाचा वायू नसतो, त्यामुळे तिथे खालचा वारस दावा लावत नाही.

आईला मी व्यस्त चलनानं समजावलं : मजूर दुप्पट, दिवस निम्मे.

"आणि मजूर शून्य?"

"मग किती दिवस, ते सांगताच येत नाही."

"हां, आपल्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग!" आईला पटलं.

कन्येनं एव्हाना पर्याय उघडले होते. "एक्सला उणे एक टाकला, वाय उणे एक यायला हवा. दोन्ही तुकडे वर आहेत तो एक्स वर्गवाला, बाद. दुसऱ्या-चौथ्या चरणातला बाद. शून्यातून जोडलेला तर बादच. उत्तर सी."

पुढच्या प्रश्नात छेदात एक्स वजा २ होतं. म्हणजे अख्खा आलेख दोन एककं उजवीकडे सरकवायचा. उजवीकडे स्विचबोर्ड आहे.