कुणाचा बैल घेतला मी?

तुमची कमेंट दोनदा वाचली. रागावलात ते दिसतंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की भ्रष्टाचार सरकारने बघावा, बिशप-पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, प्रार्थना करावी, राजकारण करू नये, आणि मी चर्चच्या पैशांवर लिहून घरचं चव्हाट्यावर आणलंय. दुसरं आधी घेतो, जास्त टोचलं म्हणून.

अहो, घरचं चव्हाट्यावर बायबलनेच आणलंय की. एली या याजकाची मुलं अर्पणाचं मांस हिसकावून घ्यायची, शमुवेल संदेष्ट्याची मुलं लाच खायची, येशूचा शिष्य यहूदा सगळ्यांच्या थैलीतले पैसे मारायचा, सगळं नावानिशी लिहून ठेवलंय. आणि तोच शमुवेल म्हातारपणी सगळ्यांपुढे उभा राहून विचारतो, मी कुणाचा बैल घेतला, कुणाचं गाढव घेतलं, कुणाकडून लाच घेऊन डोळेझाक केली, सांगा, परत करतो. ऑडिट रिपोर्ट हातात घेऊन असं विचारणारे बिशप किती निघतील? प्रेषित पौलसुद्धा यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेली वर्गणी एकट्याने नेत नाही, मंडळ्यांनी, म्हणजे ठिकठिकाणच्या चर्चनी, निवडलेला माणूस सोबत घेतो, उगाच कुणी बोट दाखवायला नको म्हणून. आणि आता नुसता हिशोब मागितला तरी "फादरवर विश्वास नाही का?"

राजकारणाचं म्हणाल तर मत कुणाला द्यायचं हे वेदीवरून सांगू नये, इथपर्यंत मी तुमच्याच बाजूचा. पण आफ्रिकेतल्या मलावी देशात राष्ट्राध्यक्ष हेस्टिंग्ज बांडांची एकपक्षीय राजवट असताना, मार्च १९९२ मध्ये, कॅथलिक बिशपांचं पत्र देशभरच्या चर्चमध्ये वाचलं गेलं, त्यात लाचखोरी होती, वशिलेबाजी होती, गरीब-श्रीमंतातली दरी होती, पोलिसांनी बिशपांची चौकशी केली, आणि १९९३ च्या सार्वमतात लोकांनी बहुपक्षीय पद्धत निवडली. एका पत्राने झालं असं नाही, परदेशी मदत अडवून बाहेरूनही दबाव आला होता. पण तोंड उघडायची कुणाची टाप नव्हती तेव्हा हे बोलले. याला तुम्ही राजकारण म्हणणार का?

खरी अडचण वेगळीच असते. ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्याच देणगीतून हॉल बांधलेला असतो, कोनशिलेवर त्याचं नाव, मग प्रवचनात पाप फक्त मोघम. बायबलमधल्या जकातदार जक्कयने लुबाडलेलं चौपट परत करायचं ठरवलं ते ज्यांचं होतं त्यांना, बिल्डिंग फंडाला नाही.

बाकी तुमच्या पाळकसाहेबांचं पटलं. दरवर्षी जमाखर्च सगळ्यांसमोर वाचून दाखवतात म्हणालात, म्हणजे "हिशोब सगळेच लपवतात" हे माझ्या लेखातलं वाक्य चूकच. आज बदललं.