नळी काढली की लगेच जेवायला लागतं असं नाही हो
एका लेखात म्हटलंय फीडिंग ट्यूब (तोंडाने खाता येत नसलेल्या मुलाला थेट पोटात दूध-अन्न द्यायची नळी) काढली की मूल आठवड्याभरात नीट जेवायला लागतं, आमच्याकडे तसं काही झालं नाही. माझी भाची दोन वर्षांची असताना पोटातली ट्यूब काढली, भोक तीन-चार दिवसांत बुजलं, तोवर दूध पाझरून पट्टी ओली व्हायची आणि ताईच्या सासूबाई घाबरून जायच्या, पण डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं थोडं पाझरणार म्हणून. खरा ताप पुढेच! चमचा दिसला की मान फिरवायची, कारण तोंडाने खायची सवयच नव्हती ना. थेरपिस्ट म्हणाल्या जबरदस्ती अजिबात नको, नुसतं हाताने चिवडू दे. मग काय, केसात वरण, भिंतीला वरण... आणि एक दिवस तिनं स्वतःच बोट चाटलं, ताई तिथेच रडायला लागली. मधे उतरलेलं वजन भरून यायला मात्र तीन महिने गेले.