वांदर हसतले

नवी रायफल घ्यायची असेल तर जुनी घराबाहेर गेली पाहिजे, हा ठराव आमच्या घरात एकमताने मंजूर झाला. मत एकच पडलं, बायकोचं. ठाण्यात नौपाड्यातल्या दोन खोल्यांत माळ्यावर गणपतीचं मखर आणि पलंगाखाली रायफल, एवढीच जागा उरते. दुसरी रायफल आली तर झोपायचं कुणी, हा तिचा प्रश्न बिनतोड होता.

जुनी म्हणजे स्प्रिंगची एअर रायफल. नळी मोडायची, म्हणजे सांध्यात खाली वाकवायची, की आत स्प्रिंग ताणली जाते, मग 4.5 मिलिमीटरचा छर्रा घालायचा, नळी मिटायची, चाप ओढायचा. पण छर्रा नळीबाहेर पडायच्या आधीच सुटलेली स्प्रिंग रायफलीला हिसका देते. दहा मीटरवरच्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका असतो अर्ध्या मिलिमीटरचा! पनवेलला नेमबाज घडवणाऱ्या सुमा शिरूर यांनी 2004 मध्ये क्वालालंपूरला याच दहा मीटरवर 400 पैकी 400 गुण घेतले होते. माझे आकडे विचारू नयेत. पण हिसका नको म्हणून दाबलेल्या हवेच्या सिलिंडरची एक जुनी जर्मन रायफल बघून ठेवली आहे. त्या सिलिंडरची मुदत दहा वर्षं. त्यातली बरीचशी विकणाऱ्याने वापरून संपवली आहेत आणि किंमत मात्र सगळ्या दहाची सांगतो आहे. असो.

बातमी पसरली तसे सेक्रेटरीकाका लिफ्टपाशी भेटले. ‘दोन दोन हत्यारं? सोसायटीचं एनओसी लागेल हो.’ ही परवान्याची बंदूक नाही, हे मी त्यांना परोपरीने सांगितलं. 20 ज्यूल ताकदीच्या आतली, 4.5 मिलिमीटर नळीची हवेची रायफल परवान्याशिवाय ठेवता येते, आणि 2019 साली आलेली दोन बंदुकांची मर्यादा परवान्याच्या बंदुकांना आहे. काका म्हणाले, ‘ते ठीक आहे, पण एक अर्ज देऊन ठेवा.’ हेच काका 2024 मध्ये स्वप्नील कुसाळेंना पॅरिसला ब्राँझ मिळालं तेव्हा नातवाला घेऊन ‘ऑलिम्पिकची बंदूक’ दाखवायला आले होते. ते पदक पन्नास मीटरचं, ती रायफल काडतुसाची, हे सांगायला मी तोंड उघडलं तोवर नातवाने सोफ्यावर बूट चढवले होते. पदकाच्या आठवड्यात आम्ही देशाचा अभिमान, एरवी अर्ज द्या.

तर गिऱ्हाईक आलं रविवारी. ऑफिसातल्या एकाचा मित्र, घोडबंदर रोडवरून दीड तास ट्रॅफिक खाऊन आलेला गरीब मुलगा. सोबत त्याची आत्या. घेणार आत्या होती. देवगडकडे तिची आंब्याची बाग आणि बागेत वानरांचा धुडगूस.

‘आत्या, वानरावर ही चालवता येणार नाही. कायदा आहे, वन्यजीवांचा, 1972 चा.’

‘मारूचा कोणाक हा? नुसती दाखवूची. आणि कायदो काय वांदरांका वाचूक येता?’

मी रायफल काढली. नळी जमिनीकडे, बोट चापाबाहेर, जसं आम्हाला रेंजवर पहिल्या दिवशी दटावून शिकवतात तसं. आत्याने ती माझ्या हातातून घेतली आणि बाजारात सुरमईचे कल्ले उचलून बघावेत तशी उलटीपालटी केली. दस्त्यावर टिचकी मारली. चष्मा वर करून सरळ नळीत डोळा घातला. मी ओरडलो. भाचा मागे सरकला. ‘ओरडतस कित्याक? रिकामी हा मा?’

मग तिने नळी मोडली. ती मोडायला मला मांडीचा आधार लागतो. आत्याने उभ्या उभ्या, नारळ सोलणाऱ्या एका हाताने मोडली, मिटली, आणि मी ‘नको, नको’ म्हणेपर्यंत छर्र्याशिवाय चाप ओढला. फाट्! स्प्रिंगच्या रायफलीत हे कधी करायचं नसतं. पुढे छर्र्याचा अडसर नसला की आतला दट्ट्या थेट पुढच्या भिंतीवर आदळतो. सील जातं, स्प्रिंग मोडू शकते. मी इतकी वर्षं तिला तेल घालतो, फडक्याने पुसतो, आणि कुणाच्या तरी आत्याने...

‘आवाज खंय हा?’ आत्या म्हणाली. ‘ह्येका बघून वांदर हसतले, झिला. ह्या खेळणा.’

खरं सांगतो, मला ते लागलं. विकायचीच होती, पण खेळणं? मी तिला अर्धा मिलिमीटर समजावायला लागलो. ती बायकोला विचारत होती, कोकम कुठून आणता.

‘पाचशाक दी,’ जाताना ती म्हणाली. मी नाही म्हणालो. ‘मगे छर्र्यांचो डबो तरी दी. एवढ्या लांबसून इलंय.’ बायकोने डबा काढून दिला. माझ्याकडे बघितलंही नाही. नवीन डबा होता, सील न फोडलेला.

आता ती रायफल दुसऱ्या कुणाला विकायची तर हा फाट् सांगावा लागणार, आणि सांगितला की भाव पडणार. म्हणून ठेवूनच द्यावी म्हणतो. बायको म्हणते, ठेव की, मग ती जर्मन नको. जर्मनवाला रोज फोन करतो. सेक्रेटरीकाकांना अर्ज दोन प्रतींत हवा आहे.

काल रात्री भाच्याचा मेसेज आला: ‘सर, आत्या विचारते, हे छर्रे गोफणीत चालतील का?’ अर्ध्या ग्रॅमचा छर्रा. गोफणीत. मी उत्तर दिलं नाही, पण मेसेज उघडला गेला होता, निळी टिक पोचली. सकाळी दुसरा आला: ‘आत्या म्हणते, चालत नसतील तर बदलून द्या.’