नको म्हणायची मुभा

महाराष्ट्रातल्या स्मार्ट मीटरच्या, म्हणजे वापराची नोंद दुरून वाचता येणाऱ्या वीजमीटरच्या, वादावर इथे नेदरलँड्समध्ये वाचताना एक वाक्य वारंवार समोर येतं: ‘आपल्या लोकांना नवं काही नकोच असतं.’ मला ते अन्यायाचं वाटतं. 2016 मध्ये यूपीआय आलं आणि काही वर्षांत भाजीच्या गाड्यापासून रिक्षापर्यंत सगळीकडे क्यूआर कोड लागले. नोटाबंदीचा रेटा होता, हे मान्य. पण नोटा परत आल्यावर तो कोड कुणी काढून टाकला नाही. सुट्ट्या पैशांची कटकट संपली, पैसे आल्याचं तिथल्या तिथे कळलं आणि रोख घ्यायची वाट उघडीच राहिली.

फ्रेड डेव्हिस या अमेरिकी संशोधकाने 1989 मध्ये मांडलं होतं, की नवं तंत्र उपयोगाचं वाटतं का आणि वापरायला सोपं वाटतं का, यावर माणूस ते घेणार की नाही हे ठरतं. मी त्यात तिसरा प्रश्न घालेन: नको म्हटलं तर काय होईल?

डच सरकारने आधी स्मार्ट मीटर सक्तीचा करायचं ठरवलं होतं. नाकारणाऱ्याला दंड, अगदी तुरुंगवासाचीही तरतूद विधेयकात होती. दर पंधरा मिनिटांच्या नोंदीवरून घरातली माणसं कधी उठतात, कधी बाहेर असतात, हे कळू शकतं, म्हणून ग्राहक संघटना विरोधात उभी राहिली आणि 2009 मध्ये संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने ते विधेयक अडवलं. या डच लोकांना मागासलेलं कोण म्हणेल? तेव्हाही ते बँकेचे व्यवहार ऑनलाइन करत होते. पुढे कायदा बदलला. मीटर नाकारायची, किंवा बसवून घेऊन दुरून होणारं वाचन बंद ठेवायची मुभा मिळाली. मोठ्या प्रमाणावर मीटर बसवायला 2015 उजाडलं, म्हणजे बरीच वर्षं गेली. पण आज बहुतेक घरांत तो आहे. मीही बसवून घेतला. त्याला एक जोडणी असते, तिथे आपलं छोटं यंत्र लावून आपला वापर आपल्यालाच पाहता येतो.

‘मीटर पळतो’ ही तक्रार इथेही होती. 2017 मध्ये ट्वेंटे विद्यापीठातल्या संशोधकांनी नऊ इलेक्ट्रॉनिक मीटर तपासले. एलईडी दिवे आणि डिमर जोडल्यावर पाच मीटरनी जास्त वापर दाखवला, एका चाचणीत तर 582 टक्के जास्त. अशी परिस्थिती घरात उद्भवत नाही, असं वीजजाळं सांभाळणाऱ्या कंपन्यांचं म्हणणं होतं. ते असो. ग्राहकाची शंका प्रयोगशाळेत गेली आणि आकडे सगळ्यांसमोर आले, हे मला मोलाचं वाटतं.

आपल्याकडे आधी प्रीपेडची भीती आली. रात्री रिचार्ज संपला तर? मजुरीचे पैसे शनिवारी हाती येणाऱ्या घराला महिनाअखेरचं बिल म्हणजे थोडी उसंत असते, तीच जाणार होती. विरोध वाढल्यावर जून 2024 मध्ये ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नसल्याचं जाहीर केलं. नंतर टीओडी, म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार वापर मोजणारे, स्मार्ट मीटर पोस्टपेड म्हणून बसू लागले, दिवसाच्या वापराला सवलतही आली. ही सवलत खरोखर कामाची आहे. पण न विचारता मीटर बदलल्याच्या तक्रारी येत राहिल्या, आणि मग सवलतीकडेसुद्धा लोक संशयाने पाहू लागले.

महावितरणपुढे वीजचोरी आणि थकबाकीचं जे ओझं आहे, ते डच कंपन्यांपुढे नव्हतं. त्यामुळे इथला नियम जसाच्या तसा तिकडे लावा, असं मी म्हणणार नाही. पण गळती कुठे आहे हे शोधायला आधी फीडरवर (उपकेंद्रातून वस्तीकडे वीज नेणाऱ्या वाहिनीवर) आणि डीपीवर (वस्तीतल्या ट्रान्सफॉर्मरवर) मीटर हवा. तिथे कुणाच्या घरात शिरावं लागत नाही. ज्याला शंका आहे, त्याच्याकडे जुना मीटर दोन-तीन महिने शेजारीच राहू द्यावा आणि दोन्हींचे आकडे बिलावर छापावेत. नोंदी कोण पाहतं, किती दिवस ठेवतं, हे मराठीत लिहून घरोघरी द्यावं. आणि तारीख आधी कळवून, घरात माणूस असतानाच मीटर बदलावा.